कृष्णवर्णीय अमेरिकेचे वाद्यवृंद-संगीत आणि समूहगान कसे ऐकावे : नवख्या श्रोत्यांसाठी मार्गदर्शन

पाश्चात्त्य वाद्यवृंदाच्या संगीताकडे वळणारा मराठी श्रोता बहुधा जर्मनी आणि ऑस्ट्रियाच्या वाटेने आत येतो आणि बीथोव्हन, मोत्सार्ट, बाख ही नावे त्याला आधी भेटतात. या लेखात सुचवलेली वाट वेगळी आहे. गुलामगिरीतून बाहेर पडलेल्या कृष्णवर्णीय अमेरिकी समाजातील संगीतकारांनी सिंफनी, म्हणजे वाद्यवृंदाची अनेक भागांची मोठी रचना, आणि ओरॅटोरिओ व कॅन्टाटा, म्हणजे गायक आणि वाद्यवृंदासाठीच्या मोठ्या गेय रचना, हे युरोपीय आकृतिबंध हाती घेतले, त्यांतून आपल्या देशाला काही अवघड प्रश्न विचारले आणि ते विचारता विचारता त्या आकृतिबंधांचे रूपही पालटले. या संगीताचा मोठा भाग कित्येक दशके कपाटांत आणि माळ्यांवर पडून होता. आता त्याची चांगली ध्वनिमुद्रणे उपलब्ध असल्याने नव्याने सुरुवात करणाऱ्याला हा काळ अनुकूल आहे.

माझा आग्रह एकाच गोष्टीचा आहे. पुढील प्रत्येक रचना ऐकताना आपण असे विचारावे की, येथे 'आम्ही' म्हणणारे कोण आहेत, ते कोणाला उद्देशून गात आहेत आणि त्यांच्या 'आम्ही'मध्ये समोर बसलेला श्रोता धरलेला आहे की नाही. अमेरिकेची ओळख आणि वंशन्याय हे दोन विषय या संगीतात निराळे राहत नाहीत; ते या एका प्रश्नापाशी एकत्र येतात.

आधीची तयारी

स्वरलेखन वाचता येण्याची गरज नाही, हार्मनीचे ज्ञानही लागत नाही. मात्र फोनच्या छोट्या स्पीकरवर हे संगीत ऐकू नये, कारण डबल बास (मोठे तंतुवाद्य), टिंपनी (नगारे) आणि मंद्रातील ब्रास (पितळी फुंकवाद्ये) त्यावर जवळपास नाहीशी होतात आणि या रचनांचा बराचसा अर्थ त्याच थरात असतो. बरे हेडफोन पुरेसे आहेत. वाद्यरचना असेल तर ती आधी ऐकावी आणि माहिती नंतर वाचावी. समूहगान असेल तर उलट करावे, म्हणजे शब्द आधी शांतपणे वाचून घ्यावेत, कारण अनेक आवाजांत वाटले गेलेले इंग्रजी शब्द पहिल्या ऐकण्यात कानातून निसटतात. एका बैठकीत एकच रचना घ्यावी आणि शक्य असल्यास तीच दुसऱ्या दिवशी पुन्हा ऐकावी.

पहिली पायरी : सिंफनीच्या आधी गाणे

सुरुवात वाद्यवृंदापासून करू नये, 'स्पिरिच्युअल' या नावाने ओळखल्या जाणाऱ्या भक्तिगीतांपासून करावी. गुलामगिरीत जगणाऱ्या माणसांनी शेतात आणि गुप्त प्रार्थनासभांत घडवलेली ही गीते पुढील जवळजवळ प्रत्येक रचनेत उघडपणे किंवा आडून येत राहतात, त्यामुळे ती ओळखीची नसतील तर पुढचे संगीत अर्धेच ऐकू येते.

ही गीते संगीतसभागृहात कशी आली, हे जाणून घेण्यासारखे आहे. मुक्त झालेल्या गुलामांच्या शिक्षणासाठी १८६६ साली टेनेसी राज्यातील नॅशव्हिल येथे फिस्क ही शिक्षणसंस्था सुरू झाली. पाच वर्षांतच तिचा पैसा संपत आला, तेव्हा तिचे खजिनदार आणि संगीतशिक्षक जॉर्ज व्हाइट यांनी ६ ऑक्टोबर १८७१ रोजी नऊ विद्यार्थी-गायकांना घेऊन निधीसाठी दौरा सुरू केला. पियानोची साथ करणाऱ्या आणि संचाचा खरा आधार असलेल्या एला शेपर्ड यांचा जन्मच गुलामगिरीत झाला होता. आरंभी हा संच गोऱ्या श्रोत्यांना सरावाची असलेली गाणी गाई. आपल्या आईबापांची गीते परक्यांसमोर मांडण्याचा या तरुणांना संकोच होता, कारण ती त्यांच्या लेखी पवित्र होती आणि दुःखाशी बांधलेली होती. ती मंचावर आली आणि श्रोते स्तब्ध झाले. १८७३ साली हा संच इंग्लंडमध्ये राणी व्हिक्टोरियासमोर गायला, आणि दौऱ्यांच्या पैशातून नॅशव्हिल येथे ज्युबिली हॉल ही इमारत उभी राहिली. पुढे फ्रेडरिक लाउडिन यांच्या नेतृत्वाखालील संच १८८४ ते १८९० या काळात जगभर फिरला. त्या प्रवासात भारतही होता. त्याच १८७३ साली महात्मा जोतीराव फुले यांचे 'गुलामगिरी' प्रसिद्ध झाले आणि त्यांनी ते अमेरिकेत गुलामांच्या मुक्तीसाठी झटलेल्या सज्जन लोकांना अर्पण केले, हे मराठी वाचकाने येथे आठवावे.

ऐकण्यासाठी तीन गीते घ्यावीत : 'गो डाउन, मोझेस', 'डीप रिव्हर' आणि 'स्विंग लो, स्वीट चॅरियट'. फिस्कच्या चार पुरुष गायकांनी १९०९ साली केलेले जुने ध्वनिमुद्रण खरखरीत असले तरी आधी ते ऐकावे. नंतर न्यू ऑर्लिन्सचे मोझेस होगन यांच्या विसाव्या शतकाच्या अखेरच्या समूहरचना ऐकाव्यात. दोन गोष्टींकडे कान द्यावा. एक म्हणजे पुकार आणि प्रतिसाद : एक आवाज ओळ टाकतो आणि समूह ती उचलतो, जसे वारकरी भजनात टाळकरी उचलतात. दुसरी म्हणजे शब्दांचे दुहेरी अर्थ. बायबलच्या कथेत इजिप्तमध्ये गुलाम असलेल्या इस्राएली लोकांचा नेता मोझेस तिथल्या राजाला, फॅरोला, सांगतो की माझ्या लोकांना जाऊ दे. गाणारे गुलाम असतील तर फॅरो कोण, हे मळ्याच्या मालकाला सांगावे लागत नव्हते. या गीतांतील 'आम्ही' बायबलमधील इस्राएलच्या आड उभे आहेत.

दुसरी पायरी : द्वोर्झाक यांचे दार, पण मुक्काम नाही

अंतोनिन द्वोर्झाक हे चेक संगीतकार १८९२ साली न्यूयॉर्कला आले. जेनेट थर्बर यांनी स्थापन केलेल्या नॅशनल कॉन्झर्व्हेटरीचे ते प्रमुख झाले; त्या संस्थेत कृष्णवर्णीय विद्यार्थ्यांना प्रवेश होता, आणि त्यांपैकी हॅरी बर्ली हा तरुण द्वोर्झाक यांना स्पिरिच्युअल गीते गाऊन दाखवत असे. या देशाचे भावी संगीत कृष्णवर्णीयांच्या सुरावटींवर उभे राहिले पाहिजे, असे मत द्वोर्झाक यांनी १८९३ साली वृत्तपत्रातून जाहीरपणे मांडले आणि त्यावर मोठा वाद झाला. त्याच वर्षी १६ डिसेंबर रोजी कार्नेगी हॉलमध्ये त्यांची नववी सिंफनी, 'फ्रॉम द न्यू वर्ल्ड', प्रथम सादर झाली.

तिचा दुसरा भाग ऐकावा. इंग्लिश हॉर्न या वाद्यावरची संथ सुरावट भारतीय कानाला लगेच जवळची वाटते, कारण ती जवळजवळ भूप रागाच्या पाच स्वरांतच फिरते. ही सुरावट म्हणजे जुने स्पिरिच्युअल आहे, असा समज सर्वत्र आढळतो, पण तो चुकीचा आहे. सुरावट द्वोर्झाक यांची स्वतःची आहे, आणि तिच्यावर 'गोइन होम' हे शब्द त्यांचे शिष्य विल्यम आर्म्स फिशर यांनी १९२२ साली चढवले. ही सिंफनी थोर आहेच. तरीही ती पाहुण्याने लिहिलेली आहे, सहानुभूतीने ऐकलेल्या दुसऱ्याच्या आवाजाविषयी आहे. अनेक श्रोते इथेच थांबतात आणि अमेरिकी स्वराची ओळख झाली असे मानतात, म्हणून हे दार ओलांडण्याचा आग्रह धरावासा वाटतो.

तिसरी पायरी : विल्यम ग्रँट स्टिल आणि बारा बारचा ब्लूज

१८९५ साली मिसिसिपीत जन्मलेले आणि आर्कान्सामधील लिटल रॉक येथे वाढलेले स्टिल नाटकांच्या वाद्यवृंदात ओबो वाजवत, लोकप्रिय संगीताच्या संयोजनाचे काम करत पुढे आले. त्यांनी १९३० साली लिहिलेली 'आफ्रो-अमेरिकन सिंफनी' २९ ऑक्टोबर १९३१ रोजी हॉवर्ड हॅन्सन यांच्या संचालनाखाली रॉचेस्टर येथे प्रथम वाजली. अमेरिकेतील प्रस्थापित वाद्यवृंदाने सादर केलेली ही कृष्णवर्णीय संगीतकाराची पहिली सिंफनी होय. तिचे चार भाग ओढ, दुःख, हास्य आणि आकांक्षा या भावांना वाहिलेले आहेत, आणि ती साधारण पंचवीस मिनिटांची आहे.

ही ऐकण्याआधी ब्लूजचा, म्हणजे कृष्णवर्णीयांच्या लौकिक दुःखगीताचा, ढाचा हाताने मोजून पाहावा. एका बारमध्ये चार मात्रा आणि असे बारा बार, म्हणजे अठ्ठेचाळीस मात्रांचे एक आवर्तन होते; एकतालाच्या बारा मात्रांशी त्याची गल्लत करू नये. चार-चार बारच्या तीन ओळी पडतात : पहिल्यात गाऱ्हाणे येते, दुसऱ्यात तेच थोड्या वेगळ्या सुरांवर पुन्हा येते, तिसऱ्यात त्याला उत्तर मिळते. पहिल्या भागात इंग्लिश हॉर्नच्या छोट्या प्रस्तावनेनंतर ट्रंपेटवर, वाद्याच्या रुंद तोंडात म्यूट (आवाज दबका करणारा बोळा) लावून, जी सुरावट येते ती नेमकी या मापाची आहे. स्टिल यांनी स्पिरिच्युअल न निवडता ब्लूज निवडला, यात एक ठाम भूमिका होती. स्पिरिच्युअलला तोपर्यंत गोऱ्या सभ्य समाजात मान मिळू लागला होता. ब्लूज मात्र दारूच्या गुत्त्यातला, हलका मानला जाई. त्यालाच सिंफनीचा मुख्य विषय करून त्यांनी सांगितले की आम्हाला आत घ्यायचे असेल तर संपूर्ण घ्यावे लागेल. तिसऱ्या भागात बँजो वाजतो, तेव्हा हेच पुन्हा जाणवते, कारण तोंडाला काळा रंग फासून कृष्णवर्णीयांची टिंगल करणाऱ्या गोऱ्या नटांच्या खेळांनी हे वाद्य बदनाम केले होते, आणि स्टिल ते परत मागून घेतात.

चौथी पायरी : फ्लॉरेन्स प्राइस

प्राइस यांच्यावर थोडा अधिक वेळ द्यावा. त्याही लिटल रॉकच्याच, जन्म १८८७ चा; बॉस्टनच्या न्यू इंग्लंड कॉन्झर्व्हेटरीत शिकल्या आणि दक्षिणेतील वांशिक दहशतीमुळे १९२७ साली कुटुंबासह शिकागोला आल्या. त्यांच्या ई मायनरमधील पहिल्या सिंफनीला १९३२ साली वानामेकर पारितोषिक मिळाले आणि १५ जून १९३३ रोजी फ्रेडरिक स्टॉक यांच्या संचालनाखाली शिकागो सिंफनी ऑर्केस्ट्राने ती सादर केली. कृष्णवर्णीय स्त्रीची सिंफनी देशातील मोठ्या वाद्यवृंदाने वाजवण्याची ती पहिली वेळ होती. यानंतर दारे उघडायला हवी होती, पण तसे घडले नाही. १९४३ साली त्यांनी बॉस्टन सिंफनीचे संचालक सर्ज कुसेवित्स्की यांना पत्र लिहून आपल्या वाटेत दोन अडथळे आहेत, एक स्त्री असण्याचा आणि दुसरा वंशाचा, असे स्पष्ट म्हटले आणि आपले संगीत केवळ गुणावर तपासावे अशी विनंती केली. त्या वाद्यवृंदाने त्यांच्या हयातीत त्यांची एकही रचना वाजवली नाही. १९५३ साली त्या वारल्या. २००९ साली इलिनॉय राज्यातील सेंट अ‍ॅन या गावातील, त्यांनी उन्हाळ्यात वापरलेल्या एका मोडकळीस आलेल्या घरात त्यांच्या हस्तलिखितांचे गठ्ठे सापडले. त्यांत दोन व्हायोलिन कन्चेर्टो, म्हणजे एकल व्हायोलिन आणि वाद्यवृंदासाठीच्या रचना, आणि चौथी सिंफनी होती.

पहिल्या सिंफनीचा दुसरा भाग आधी ऐकावा, सबंध सिंफनी नंतर. ब्रास वाद्ये चर्चमधील प्रार्थनेसारखी एक सुरावट एकत्र उचलतात, मध्ये मध्ये लाकडी सुषिरवाद्ये उत्तरे देतात आणि खाली ढोल मंद ठोका धरतात. म्हणजे पुकार आणि प्रतिसाद येथे शब्दांवाचून चालू आहे. तिसऱ्या भागाचे नाव 'जूबा डान्स' आहे. साउथ कॅरोलायनात १७३९ च्या स्टोनो उठावानंतर गुलामांना ढोल वाजवण्याची बंदी झाली, कारण ढोलांवरून निरोप जात. जूबा नाचात मांड्या, छाती आणि टाळ्या यांचेच ढोल होतात. युरोपीय सिंफनीत तिसऱ्या भागी मिन्युएट हा दरबारी नाच किंवा स्केर्त्सो हा द्रुत, खेळकर भाग यायचा, तिथे प्राइस यांनी हा नाच बसवला. हा निर्णय हलक्याफुलक्या चालीमागे लपून राहतो, म्हणून तो आवर्जून सांगितला. फिलाडेल्फिया ऑर्केस्ट्रा आणि यानिक नेझे-सेगाँ यांचे पहिल्या व तिसऱ्या सिंफनीचे ध्वनिमुद्रण, ज्याला २०२२ साली ग्रॅमी मिळाले, ते निवडावे.

याच्या पाठोपाठ विल्यम डॉसन यांची 'निग्रो फोक सिंफनी' ऐकता येईल; शीर्षकातील शब्द त्या काळचा आहे. अलाबामातील टस्कीगी संस्थेत गायकवृंद घडवणाऱ्या डॉसन यांची ही एकमेव सिंफनी १९३४ साली लिओपोल्ड स्टोकोव्स्की यांनी फिलाडेल्फियात सादर केली. तिचा मधला भाग, 'होप इन द नाइट', अत्यंत प्रभावी आहे. तो ऐकला की या संगीतकाराला दुसरी सिंफनी लिहावीशी वाटेल असे वातावरण मिळाले नाही, याची खंत वाटल्यावाचून राहत नाही.

पाचवी पायरी : दोन गायकवृंद, एक झाड

आता समूहगानाकडे यावे. रॉबर्ट नथॅनिएल डेट यांचा 'द ऑर्डरिंग ऑफ मोझेस' हा ओरॅटोरिओ 'गो डाउन, मोझेस'च्या सुरावटीवर रचलेला आहे. १९३७ साली सिनसिनाटीच्या मे फेस्टिव्हलमध्ये त्याचा पहिला प्रयोग राष्ट्रीय रेडिओवरून थेट प्रक्षेपित होत असताना मध्येच तोडण्यात आला आणि आधी ठरलेल्या कार्यक्रमांचे कारण निवेदकाने दिले. ही घटना ध्यानात ठेवून तो ऐकावा.

परंतु या पायरीवर मुख्य वेळ स्टिल यांच्या 'अँड दे लिंच्ड हिम ऑन अ ट्री' या १९४० सालच्या रचनेला द्यावा. ती सुमारे वीस मिनिटांची आहे. 'इक्वल जस्टिस इनिशिएटिव्ह' या संस्थेने १८७७ ते १९५० या काळात कृष्णवर्णीयांच्या ४,००० हून अधिक झुंडहत्या नोंदवल्या आहेत. ही रचना त्यांपैकी कोणत्याही एका रात्रीची असू शकते. शब्द कॅथरिन गॅरिसन चॅपिन या गोऱ्या कवयित्रीचे, आणि दोघांना एकत्र आणणारे होते तत्त्वज्ञ अलेन लॉक.

रचनेची मांडणीच तिचा आशय आहे. मंचावर दोन गायकवृंद असतात, एक गोऱ्यांचा आणि एक कृष्णवर्णीयांचा. आधी गोरा वृंद ऐकू येतो : हत्या नुकतीच झालेली आहे आणि झुंड मोटारींतून घरी परतते आहे. संगीत येथे आक्रस्ताळे आणि तुटक आहे. या आवाजांना कोणाला काही सांगायचे नाही, ते एकमेकांनाच चेव देत आहेत. ते निघून गेल्यावर अंधारात दुसरा वृंद येतो, मृतदेह शोधतो, आणि त्यातून आईचा आवाज पुढे येतो. तो कॉन्ट्राल्टोचा, म्हणजे स्त्रीच्या खालच्या पट्टीतील सर्वांत भारदस्त आवाजाचा आहे. एक निवेदक मध्ये मध्ये बोलतो. आणि शेवटी दोन्ही वृंद, जे आतापर्यंत एकदाही एकत्र आलेले नाहीत, एकत्र गातात आणि देशाला बजावतात की ही काळी सावली साऱ्या भूमीवर पसरेल.

हा शेवट पुन्हा पुन्हा ऐकण्यासारखा आहे, कारण तो सहज पटत नाही. झुंडीत असणाऱ्यांना आता 'आम्ही'त घेणे हे क्षमा आहे, इशारा आहे, की केवळ आशा आहे? माझ्या मते तो इशारा आहे : दोन समाजांना एकाच ताटातुटीचे परिणाम भोगावे लागतील, एवढ्यापुरतेच ते येथे एक होतात, आणि म्हणून त्या एकत्रित आवाजात विजयाचा झगमगाट नाही. पहिला प्रयोग न्यूयॉर्कच्या लुइसोन स्टेडियमवर आर्तुर रोडझिन्स्की यांच्या संचालनाखाली झाला; त्याच संध्याकाळी पॉल रोबसन यांनी 'बॅलड फॉर अमेरिकन्स' हे सर्व वंशांच्या अमेरिकेचे गाणे गायले. झुंडहत्येला संघराज्यीय गुन्हा ठरवणारा कायदा अमेरिकेत २९ मार्च २०२२ रोजी झाला, म्हणजे या रचनेनंतर ब्याऐंशी वर्षांनी. फिलिप ब्रुनेल यांनी मिनेसोटात केलेले ध्वनिमुद्रण ऐकावे.

सहावी पायरी : राष्ट्राची गाणी कोणाची

ही पायरी छोटी आहे. ९ एप्रिल १९३९ रोजी, वंशामुळे वॉशिंग्टनचे कॉन्स्टिट्यूशन हॉल हे सभागृह नाकारले गेल्यावर, कृष्णवर्णीय गायिका मॅरियन अँडरसन लिंकन स्मारकाच्या पायऱ्यांवर ७५,००० लोकांपुढे गायल्या. चित्रफीत उपलब्ध आहे. पहिल्याच देशभक्तिपर गीतात, जिथे मूळ शब्दांत 'मी गातो' आहे, तिथे त्या 'आम्ही गातो' असे गातात. हे नीट ऐकावे. त्यानंतर जेम्स वेल्डन जॉन्सन आणि त्यांचे बंधू रोझमंड यांचे 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस अँड सिंग' ऐकावे. ते १९०० साली फ्लॉरिडातील जॅक्सनव्हिल येथे लिंकन यांच्या जयंतीला ५०० शाळकरी मुलांनी प्रथम गायले आणि पुढे कृष्णवर्णीयांचे राष्ट्रगीतच झाले. मग जेसी मॉन्टगोमेरी यांची २०१४ सालची 'बॅनर' ही तंतुवाद्यांची रचना घ्यावी. अमेरिकी राष्ट्रगीताच्या शब्दांना दोनशे वर्षे झाली त्या निमित्ताने लिहिलेल्या या रचनेत राष्ट्रगीताचे तुकडे होतात आणि ते इतर गीतांशी, 'लिफ्ट एव्हरी व्हॉइस'शीही, विणले जातात. आधीची दोन गाणी कानात पक्की असतील तरच ही वीण उलगडते.

सातवी पायरी : मार्गारेट बाँड्स

प्राइस यांच्या शिष्या मार्गारेट बाँड्स यांनी १९६० च्या दशकात 'द माँटगोमेरी व्हेरिएशन्स' ही वाद्यवृंदाची रचना लिहिली आणि ती मार्टिन ल्यूथर किंग यांना अर्पण केली. 'आय वाँट जीझस टू वॉक विथ मी' या एकाच स्पिरिच्युअलचे हे सात अवतार आहेत, म्हणून ते मूळ गीत आधी पाठ होईपर्यंत ऐकावे. निर्णय, प्रार्थनासभा, मोर्चा, दक्षिणेतील पहाट अशा क्रमाने माँटगोमेरी शहरातील बसबहिष्काराची, म्हणजे बसमधील वंशभेदाविरुद्ध १९५५-५६ मध्ये ३८१ दिवस चाललेल्या लढ्याची कथा पुढे जाते. 'वन संडे इन द साउथ' या पाचव्या भागात १५ सप्टेंबर १९६३ चा रविवार येतो, ज्या दिवशी अलाबामातील बर्मिंगहॅममधील चर्चमध्ये बाँब ठेवून चार मुलींना मारण्यात आले. त्यानंतर शोक आणि शेवटी आशीर्वाद. मोर्चाचा भाग ऐकताना लक्षात घ्यावे की हा सैनिकी मार्च नाही. 'माझ्यासोबत चाल' असे देवाला विनवणारे गीतच पावलांची लय होते.

बाँड्स यांचा 'क्रेडो' हा गायकवृंद आणि वाद्यवृंदासाठीचा कॅन्टाटाही याच वेळी ऐकावा. त्याचे शब्द विचारवंत डब्ल्यू. ई. बी. द्यू बॉइस यांच्या १९०४ सालच्या गद्याचे आहेत, ज्यात ते सर्व वंशांच्या माणसांच्या बंधुत्वावरील आणि कृष्णवर्णीय समाजाच्या प्रतिष्ठेवरील आपली श्रद्धा एकेका वाक्यात मांडतात. द्यू बॉइस फिस्कचेच विद्यार्थी होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४६ साली याच द्यू बॉइस यांना पत्र लिहून, अमेरिकेतील कृष्णवर्णीय आणि भारतातील अस्पृश्य यांच्या स्थितीतील साम्याचा उल्लेख केला होता आणि संयुक्त राष्ट्रसंघाकडे कृष्णवर्णीयांनी द्यावयाच्या निवेदनाची प्रत मागितली होती. मराठी वाचकाला 'क्रेडो'चे शब्द परके वाटण्याचे कारण नाही.

आठवी पायरी : आजचा काळ

जॉर्ज वॉकर यांची 'लिरिक फॉर स्ट्रिंग्ज' ही १९४६ सालची सहा-सात मिनिटांची तंतुवाद्यरचना त्यांच्या आजीच्या स्मृतीला वाहिलेली आहे. ती आजी गुलामगिरीतून आली होती. वॉकर १९९६ साली संगीताचे पुलित्झर मिळवणारे पहिले कृष्णवर्णीय संगीतकार ठरले. या रचनेशेजारी कार्लोस सायमन यांची 'अ‍ॅन एलिजी : अ क्राय फ्रॉम द ग्रेव्ह' ही २०१५ सालची लहान रचना ठेवावी. दोन्ही शोकरचना, मधे जवळजवळ सत्तर वर्षे, आणि दोन्हींत शब्द नाहीत.

मग जोएल थॉम्पसन यांची 'सेव्हन लास्ट वर्ड्स ऑफ द अनआर्म्ड' घ्यावी. या पायरीवर घाई करू नये. पोलिसांच्या किंवा रखवाली करणाऱ्या माणसाच्या हातून मारल्या गेलेल्या सात निःशस्त्र कृष्णवर्णीय पुरुषांचे अखेरचे शब्द, एवढीच या रचनेची संहिता आहे. वधस्तंभावरील ख्रिस्ताच्या सात वचनांवर रचना करण्याची जुनी युरोपीय परंपरा आहे, हायडन यांची रचना त्यांत प्रसिद्ध आहे. थॉम्पसन तोच सात भागांचा साचा घेतात. शिवाय 'शस्त्रधारी माणसाची भीती बाळगावी' असे सांगणारे पंधराव्या शतकातील 'लोम आर्मे' हे फ्रेंच गीत, जे त्या काळच्या अनेक संगीतकारांनी चर्चच्या उपासनासंगीतात वापरले, तेही ते येथे आणतात, आणि शस्त्रधारी कोण हा प्रश्न आपोआप उभा राहतो. अमादू डायलो यांचे शब्द आईला सांगितलेले आहेत, की मी कॉलेजला जाणार आहे. शेवटचा भाग एरिक गार्नर यांच्या 'मला श्वास घेता येत नाही' या शब्दांचा आहे. गायकाचे सारे काम श्वासावर चालते, त्यामुळे हे शब्द गाणाऱ्या वृंदाकडून वेगळीच किंमत वसूल करतात.

ही रचना थॉम्पसन यांनी २०१४ साली आधी स्वतःचे मन मोकळे करण्यासाठी लिहिली होती. पुढल्या वर्षी युजीन रॉजर्स यांनी मिशिगन विद्यापीठाच्या पुरुष गायकवृंदाकडून ती प्रथम सादर केली. त्यांचीच चित्रफीत पाहावी. त्या वृंदात निरनिराळ्या वंशांचे तरुण आहेत, आणि मेलेल्या माणसाचा 'मी' ते सर्व मिळून उच्चारतात. अनेकांना असे वाटते की बहुसंख्य गोऱ्या वृंदाने हे शब्द गाऊ नयेत. मला वाटते, गाणाऱ्याने या शब्दांची जबाबदारी घेतली असेल तर गावे, आणि ती घेतली आहे की नाही हे आवाजात ऐकू येते.

पुढे काय ऐकावे

इथवर आलेल्या श्रोत्याने डेमियन गेटर यांचे 'अ‍ॅन आफ्रिकन अमेरिकन रेक्विएम' ऐकावे. ७ मे २०२२ रोजी पोर्टलंडमध्ये रेझोनन्स एन्सांबल आणि ऑरेगन सिंफनी यांनी ते प्रथम सादर केले. त्यात मृतांसाठीची लॅटिन प्रार्थना, स्पिरिच्युअल गीते आणि झुंडहत्यांविरुद्ध आयुष्यभर लढलेल्या पत्रकार आयडा बी. वेल्स यांचे शब्द एकत्र येतात. आधीच्या पायऱ्यांवरील जवळजवळ प्रत्येक गोष्ट येथे पुन्हा भेटते. संहिता हाताशी ठेवावी आणि एका संध्याकाळी सलग ऐकावे.

वाद्यवृंद प्रत्यक्ष ऐकण्याची संधी मुंबईत एनसीपीए (नॅशनल सेंटर फॉर द परफॉर्मिंग आर्ट्स) येथे २००६ पासून कार्यरत असलेल्या सिंफनी ऑर्केस्ट्रा ऑफ इंडियाच्या हंगामांत मिळते. कार्यक्रमपत्रिकेत द्वोर्झाक यांची नववी सिंफनी दिसली तर जरूर जावे, आणि आदल्या दिवशी स्टिल यांची सिंफनी पुन्हा ऐकून जावे. अमेरिकेत राहणाऱ्या मराठी वाचकांना तर प्राइस, बाँड्स आणि थॉम्पसन हे आपल्या शहरातील वाद्यवृंदाच्या वार्षिक पत्रिकेत आता सापडू लागले आहेत. तिथे मंचावरील वादकांकडेही पाहावे : लीग ऑफ अमेरिकन ऑर्केस्ट्राज या संघटनेच्या अहवालानुसार २०१४ साली अमेरिकी वाद्यवृंदांतील कृष्णवर्णीय वादकांचे प्रमाण अवघे १.८ टक्के होते. हे संगीत फक्त फेब्रुवारीत, म्हणजे कृष्णवर्णीय इतिहासाच्या महिन्यातच, लावले जात असेल तर ते इतर महिन्यांतही हवे, असे त्या वाद्यवृंदाला लेखी कळवावे. हंगामाची निवड करणारे अशी पत्रे वाचतात.